पंगतीत वाढता येईल असं जॅकेट

कोट घातला की माणूस मोठा होतो, हे तुम्हाला कोणी शिकवलं? आमच्या बाबांना कोणी शिकवलं नव्हतं. तरी बहिणीचं लग्न रोह्याच्या घरात ठरलं आणि त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "मला कोट पायजे." व्याही कंपनीत साहेब, साखरपुड्याला थ्री-पीसमध्ये आले होते. बाबा पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. व्याह्यांशेजारी उभं राहताना आपल्यामुळे मुलीला कमीपणा येऊ नये, एवढीच त्यांना काळजी.

पेणच्या दुकानात त्यांनी काळा कोट चढवला. खांद्यात छान बसला. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला, मला कुठला धीर! "मे महिन्यात हा गरम कोट कोणाला दाखवायला? माणसाची किंमत काय कापडावर..."

"तुजं भाषण नाक्यावर कर. मला आरसा बघू दे."

मग आरशासमोर त्यांनी अक्षता टाकायला हात वर केला. अख्खा कोट वर सरकला, कॉलर कानाला लागली. ते फरशीवर मांडी घालून बसले, बटणं ताणली. उठून, हातात जिलबीचं ताट असल्यासारखे वाकले, तशी काखेतली शिवण कुरकुरली.

"अवो, दुकान हाय ते!" आई पदर तोंडाला लावून हसत होती.

"हाय ना. पण पोरीच्या पंगतीत जिलबी घेऊन मीच फिरनार. ह्यात कसा वाकू?"

आमच्याकडे मुलीच्या बापाने स्वतः आग्रह केल्याशिवाय पंगत उठत नाही. विक्रेत्याने विचारलं, "काका, फॉर्मल दाखवू की कॅज्युअल?"

"अक्षता पडंपर्यंत फॉर्मल, पंगतीत कॅज्युअल."

त्याने बंद गळ्याचं, बिनबाह्यांचं सुती जॅकेट काढलं. बाबांनी ते दारात, उजेडात नेऊन पाहिलं. शाडूच्या मातीचा रंग. आत पांढरा सदरा. हात वर केला, वाकले, बसले; काही अडलं नाही. मला कौतुक वाटलं, आणि बोलायला काही उरलं नाही याचा थोडा रागही आला.

लग्नात बाबा सगळी बटणं लावून हॉलच्या दारात ताठ उभे होते. थ्री-पीसमध्ये घामाघूम झालेले व्याही गाडीतून उतरले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, "व्याही, तुम्ही ह्या उकाड्यातून सुटलात!"

पंगत बसली. बाबांनी वरची दोन बटणं सोडली, ताट उचललं. "घ्या हो, एक तरी!" तसा व्याह्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या दुमडल्या. "द्या इकडं. मुलीकडच्यांनीच वाढायचं काय?" अख्खी पंगत हसली. मुंडावळ्या सावरत बहीण सगळ्यांत मोठ्याने हसली. दोन बाप एकामागोमाग जिलबी वाढत गेले, आणि कोण साहेब, कोण रंगारी, हे बघायला कोणाला सवड नव्हती.

तुमच्या घरात कोणासाठी कोट किंवा जॅकेट घ्यायचं असेल, तर रंग आणि कापड मागाहून बघा. आधी त्याला एवढं विचारा: त्या दिवशी तुम्हाला काय काय करायचंय?