अण्णाचा वेळकाढूपणा

रविवारी अण्णाने स्ट्रायकर रेषेवर ठेवला. राणी पॉकेटजवळ होती. तो बघत राहिला. आम्ही थांबलो. मग त्याने मारलं.

विरुद्ध बाजूच्या दोघांनी शिव्या दिल्या. त्यात त्यांचा दोष नव्हता. माझा हा थोरला भाऊ चेन्नईच्या पेरांबूरमधला सगळ्यात लबाड कॅरम खेळणारा म्हणून प्रसिद्ध होता. प्रतिस्पर्धी रंगात आला की अण्णा वेळ काढायचा. चष्मा पुसायचा, पावडर झटकून पुन्हा टाकायचा, खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर कावळ्यांच्या संसाराचं कसं काय चाललंय त्याची चौकशी करायचा. समोरचा वैतागला की चुकायचा. मग अण्णा म्हणायचा, "अरेरे."

ते दोघे म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या बहिणीचा नवरा. घराणं तंजावरचं, मराठी जुनी, अर्धी तमिळ. "अण्णा, सीक्रम मार की! दीपावळीपर्यंत बसायचं का?" असं शेजारी ओरडायचे. मी अण्णाची जोडीदार, त्याच्या समोर बसायचे. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवून माझं बोलणं तिथेच संपलं होतं. बोर्डाशी मी अवाक्षर काढत नसे. "ही जोडीदार नाही, स्टूल आहे," असं अण्णा म्हणायचा.

म्हणूनच त्या खेळात काय कमी आहे ते मला कळलं. लबाडी करताना अण्णाचं तोंड अखंड चालू असे. त्या रविवारी तो गप्प होता.

मग बाकीचं दिसायला लागलं. शर्टाची बटणं लावताना तो तिसऱ्या बटणाशी थांबायचा, जणू त्याच्याशी ओळख करून घेतोय. मी विचारायचे, "दही लावलंस का?" आणि "नाही" यायचं ते मी दही लावून हात पुसत असताना.

अण्णाला एचआयव्ही होता. हे त्याला, मला आणि दवाखान्याला माहीत होतं. तो कुठून आला ते एकदा त्याने आपण होऊन सांगायला घेतलं, तेव्हा मी म्हटलं, "इतिहास मी कॉलेजात शिकवते, घरी नको." गोळ्या तो वर्षानुवर्षं न चुकता घेत होता. रक्तात विषाणू सापडत नव्हता. "भाडेकरू घरात आहे, पण आवाज नाही," तो म्हणायचा. "चेन्नईत असा भाडेकरू मिळतो कुठे?"

भाडेकरू आवाज न करता भिंती पोखरत होता, हे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. साध्या स्कॅनमध्ये फारसं काही नव्हतं. मेंदूतलं पाणी तंतूंच्या कडेने कसं सरकतं ते मोजणारी दुसरी तपासणी असते, तीत दिसलं. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणारे लांब तंतू झिजले होते. काही नुकसान गोळ्या सुरू होण्याआधीचं असावं, काही नंतर हळूहळू झालेलं. रक्तातली शांतता वरच्या मजल्यापर्यंत पोहोचली नव्हती.

अण्णा विचार करत राहिला. डॉक्टरीणबाई आणि मी थांबलो.

"म्हणजे दुकानं सगळी उघडी आहेत," तो शेवटी म्हणाला, "रस्ता खणून ठेवलाय. मेट्रोचं काम."

त्या हसल्या. "अगदी. गाडी पोहोचते, वळसा घालून."

"आणि हे काम संपणार कधी?"

आता त्या हसल्या नाहीत. "वाढणार नाही एवढं बघू, सर."

परतताना रिक्षात तो म्हणाला, "त्या दोघांना सांगायचं नाही."

"ते काय खाणार आहेत तुला?"

"कीव करतील. माझ्यासाठी मुद्दाम चुकतील. लबाड म्हणून नाव कमवायला जन्म गेला गं माझा." पुढच्या सिग्नलला त्याचं उरलेलं वाक्य आलं. "मी थांबलो की तू बोलायचं. माझ्यासारखं."

"मला नाही येत."

"एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात एकही शिवी नव्हती?"

मी प्रयत्न केला. पहिल्या रविवारी अण्णाचा हात थांबला, तशी मी शेजाऱ्यांना त्यांच्या गुडघ्याबद्दल विचारलं. अण्णाने लाजून डोळे मिटले. पुढे मी सुधारले. कावळ्यांपासून सुरुवात केली आणि शेजाऱ्यांच्या रंगवलेल्या मिशीपर्यंत आले. "अक्काला काय झालं?" असं ते एकमेकांना विचारू लागले. माझ्याकडे बघताना त्यांना अण्णाकडे बघायला वेळ मिळेना.

मग शेजाऱ्यांच्या बहिणीच्या नवऱ्याने घड्याळ आणलं. ते इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे प्रत्येक नट पिळायला किती वेळ लागावा हे ठरलेलं असतं. "आता लबाडी पोदुम, पुरे," ते म्हणाले. घंटा वाजायच्या आत मारायचं, नाहीतर पाळी गेली. डाव अगदी रास्त होता. एका लबाडाविरुद्ध दोन सज्जनांनी केलेला कायदा.

घंटा वाजली. अण्णाचा हात रेषेवर होता. पाळी गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाजूच्या दोघांनी आणखी थोडं नीट पाहिलं असतं तर सगळं कळलं असतं.

"हे घड्याळ," मी सुपरवायझरना म्हटलं, "तुमच्या न्हाणीघराच्या दारावर टांगा. रविवारी तुम्ही आत गेलात की बाहेर तुमच्या बायकोचे केस पिकतात म्हणे."

मग शेजारी मांडीवर थाप मारत ओरडले, "अय्यो! माझी बहीण रोज हेच बोलते!" ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुपरवायझरनी लाल होऊन घड्याळ खिशात टाकलं. ते परत बाहेर आलं नाही.

त्या गोंधळात अण्णाने मारलं. चुकलं. पण स्वतःच्या वेळेने चुकलं. मग, बऱ्याच उशिरा, तो म्हणाला, "न्हाणीघर." आणि एकटाच हसत सुटला.

गेल्या वर्षी तो गेला, हृदय बंद पडून. आम्ही सगळं लक्ष मेंदूवर ठेवलं होतं. स्मशानात शेजारी माझ्याजवळ आले. रडून त्यांचा आवाज बसला होता. "अक्का, असा लबाड मनुष्य आता होणार नाही." मी म्हटलं, "नाही होणार."

हे इथे लिहायला भीती नाही. ते दोघे मराठी बोलतात, वाचतात तमिळ.

रविवारी ते खाली येतात. आम्ही तिघं खेळतो. अण्णाचा स्ट्रायकर मी वापरते.