न मिटणारा जबडा

मांजर आजारी पडलं की लपतं आणि कुत्रं आजारी पडलं की माणसाजवळ येऊन बसतं, एवढं शहाणपण मी माहेराहून घेऊन आले होते. आमच्याकडं दोन्ही होती. मांजर माझं, कुत्रा ह्यांचा. मांजर दिसेनासं झालं की मी फडताळामागं, सरपणात शोधायची. त्यानं अंग चाटायचं सोडलं, केस विस्कटलेले दिसले, की समजायचं पोटात काहीतरी बिघडलंय. कुत्र्याचं सोपं होतं. जेवण टाकायचा, कान गरम लागायचे आणि आपण होऊन मांडीवर मान टाकायचा. मुका असून सगळं सांगणारा जीव. त्यामुळं कुत्र्याच्या दुखण्याचं मला कधी भय वाटलं नव्हतं.

हे महाराजांच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, चंदी द्यायची, फिरवून आणायचं, हे रोजचं काम. पण घोड्याला औषध द्यायची वेळ आली की ह्यांनाच हाक जायची. घोड्याची जीभ एका बाजूला ओढून धरायची आणि दुसरा हात थेट घशापर्यंत घालून औषधाचा गोळा आत सोडायचा. हे काम आख्ख्या पागेत आपल्याइतक्या सफाईनं कुणाला जमत नाही, असं ते स्वतःच सांगायचे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं, पण नवऱ्याच्या फुशारकीला साक्षीदार शोधत बसू नये.

कुत्रा उंच, हडकुळा, सशामागं धावणारा. सुट्टी मिळाली की हे त्याला घेऊन पन्हाळ्याच्या बाजूला जायचे. एकदा श्रावणात असेच परत आले, तेव्हा कुत्र्याचा कान फाटलेला होता. उसात कशाशी तरी झोंबला म्हणाले. मी हळद लावली, जखम भरली, विसरून गेलो.

खंडेनवमीला पागेत हत्यारांची, खोगिरांची पूजा व्हायची आणि बोकड पडायचा. त्याचा वाटा घरी आला. दोन दिवस घरात रस्सा आणि कुत्र्याला हाडं, अशी चैन चालली. गल्लीतल्या प्रत्येक घरात तेच होतं. म्हणून दसरा उलटल्यावर आमच्या कुत्र्यानं खाणं सोडलं, तेव्हा मी म्हटलं, जादा झालं असेल.

पण तो माझ्या मांडीजवळ आला नाही. कणगीमागच्या अंधारात जाऊन बसला. हाक मारली तर बाहेर येईना. कुत्रा मांजरासारखा वागायला लागला, हे माझ्या मनाला पहिल्यांदा खटकलं. दुसऱ्या दिवशी तो भुंकला आणि माझ्या हातातली भाकरी परातीतच राहिली. तो त्याचा आवाज नव्हता. घोगरा, मध्येच फाटून वर चढणारा. सासूबाई म्हणाल्या, घसा धरलाय त्याचा. मी ह्यांना सांगितलं तर हे हसले. पागेत पन्नास जनावरं सांभाळणाऱ्याला तू कुत्र्याचा आवाज शिकवतेस का, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊन अंगणात आला. खालचा जबडा लोंबत होता आणि तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत गेली होती. तोंड मिटतच नव्हतं. मी पाण्याचं पसरट भांडं पुढं ठेवलं. त्यानं नाक पाण्यात बुडवलं, पण जीभ हलली नाही. नाक बुडवून तो तसाच उभा राहिला आणि माझ्याकडं बघत राहिला. मी दोन पावलं मागं सरले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

गल्लीतल्या सगळ्यांचं एकमत झालं की हाड अडकलंय. नवमीचं हाड. आमच्याकडं मटणाच्या सणानंतर कुत्र्याला दुसरं काही होऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मी म्हटलं, हाड अडकलेला कुत्रा पंजानं तोंड ओरबाडतो, ठसकतो, ओकायला बघतो, आणि हा तर नुसता उभा आहे. ते कुणी ऐकलं नाही. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे गल्लीभर धावणारं, दिसेल त्याला चावणारं, हेच सगळ्यांना माहीत. हा गरीब तर कुणावर गुरगुरलाही नव्हता. तो शब्द माझ्याही तोंडात आला नव्हता.

हे पागेतून आले. फेटा काढून खुंटीला लावला, कुत्र्याला दोन्ही गुडघ्यांत धरलं, डाव्या हातानं जीभ ओढली आणि उजवा हात मनगटापर्यंत आत घातला. पागेतल्या घोड्याला करायचे, अगदी तसंच. बराच वेळ चाचपलं. मग मूठ मिटून हात बाहेर काढला, "निघालं," म्हणाले आणि मूठभर काहीतरी भिंतीपलीकडच्या शेतात भिरकावलं. बघायला जमलेली माणसं मोठा श्वास सोडून आपापल्या घरी गेली. मी ह्यांच्या हातावर पाणी घातलं. बोटांच्या पेरांवर दाताची खरचट होती, रक्त जेमतेम दिसत होतं. मी हळद लावली. हे एरवी अशा वेळी चार गोष्टी ऐकवायचे. त्या दिवशी सरळ आत जाऊन आडवे झाले.

तोंड काही मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी कुत्र्याचे मागचे पाय गेले आणि दुपारी तो गेला.

शेजारी नालबंदाचं घर होतं. त्यांची म्हातारी, आम्ही सगळे तिला चाची म्हणायचो, दारात आली. ती मेलेल्या कुत्र्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, "ह्याच्या तोंडात कुनी हात घातलावता काय?" तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदरानं आपलं तोंड झाकून घेतलं. तिच्या माहेरी शाहूवाडीकडं एका बैलाचं असंच झालं होतं, एवढं ती पुढं बोलली. बैलाच्या तोंडात ज्यानं हात घातला त्याचं काय झालं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या घटकेपासून मी ह्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. जेवताना घास अडतो का, पाणी पिताना गळ्याची घाटी वरखाली होते का. आधी कुत्र्याकडं बघत होते, आता नवऱ्याकडं. रात्री हे घोरले तरी मला तो फाटलेला आवाज वाटायचा.

सासूबाईंनी तोडगा काढला. कुत्र्याचं विष बाधू नये म्हणून सात विहिरींत डोकावून यायचं, हे आमच्याकडं पूर्वापार. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर निर्धास्त. कुत्रं दिसलं तर संपलं. एरवी हे असल्या गोष्टींची टर उडवायचे. विहिरीत बघून रोग जाणार असता तर महाराजांनी पागेला डॉक्टर कशाला ठेवला असता, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी मात्र निमूटपणे पायात वहाणा घालून निघाले. ह्यांनी वाद घातला असता तर मला धीर आला असता.

पहिली विहीर मळ्यातली, आमच्या ओळखीची. भर दुपार, ऊन थेट पाण्यावर. हे काठापासून चार हात लांब थांबले. मी म्हटलं, वाका. वाकेनात. मी पुन्हा म्हटलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि नजर पाण्याकडं जात नव्हती. कुत्र्याच्या विषानं पाण्याचं भय लागतं म्हणतात, ते हेच. इतक्या लवकर लागलं? मी तिथंच, मोटेच्या दगडाला धरून खाली बसले.

मग हे बोलले. "हाड नव्हतंच."

मला कळेना. मी विचारलं, मग टाकलं काय?

"काय न्हाय. मोकळी मूठ हुती. आत घसा रिकामा हुता आन् जबड्यात जोरच नव्हता. हात घातला तवाच कळलं मला. तू समोर हुतीस, आई हुती, सगळी गल्ली बघत हुती. काय सांगू?"

आणि मग उसातली गोष्ट. श्रावणात कुत्रा झोंबला तो कोल्ह्याशी. भर दुपारी, माणसाला न घाबरता, कोल्हा सरळ अंगावर आला होता. शहाणा कोल्हा असं करत नाही, हे ह्यांना तेव्हाच माहीत होतं. पण कान भरून आला आणि ह्यांनी ते मनातून काढून टाकलं. आता विहिरीत वाकायचं तर पाण्यात काय दिसेल, ह्याची धास्ती बसली होती. पाण्याची नव्हे.

मला रडू यायला हवं होतं. मला आला संताप. इतके दिवस मी एकटी भीत होते आणि हा माणूस शेजारी झोपून एकटाच भीत होता. मी ह्यांचा हात धरला, काठावर ओढत नेलं आणि दोघांची डोकी एकदमच वाकवली. खाली दोन तोंडं दिसली, दोन्ही पांढरी फटक. "बघितलं?" मी म्हटलं. "आता पुरे विहिरी. पागेच्या डॉक्टराकडं चला." सासूबाईंना सांगितलं, सातही झाल्या.

डॉक्टरांनी पेरांवरची खरचट बघितली आणि ह्यांना कुठं जायचं ते सांगितलं. दूर दक्षिणेला, निलगिरीच्या डोंगरात, पिसाळलेल्या जनावराच्या विषावर लस टोचत होते. त्यांनी रजा मिळवून दिली, चिठ्ठी दिली. ह्यांना अक्षरओळख नव्हती आणि मी चार इयत्ता शिकलेली, म्हणून मलाही बरोबर धाडलं. मिरजेला गाडी बदलली, त्यापुढचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की प्रत्येक स्टेशनावर हे उतरून पाणी प्यायचे. तहान असो नसो. आणि पिताना तोंड माझ्या खिडकीकडं करायचे.

तिथं रोज पोटात सुई. पोट सुजून दगड झालं, पण हे ओरडले नाहीत. दवाखान्याच्या पडवीत एके दिवशी एका माणसाला आणलं, कुठल्या मुलखातला कोण जाणे. त्याला यायला उशीर झाला होता. त्याच्या बायकोनं पाण्याचं भांडं पुढं केलं, आणि पाणी ओठाला लागायच्या आधीच त्याचा गळा आवळला, सगळं अंग मागं फेकलं गेलं. त्याला पाणी हवं होतं. तो हात पुढं करत होता. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. आजही मी तिला तोंड दाखवू शकणार नाही असं वाटतं, आणि मी तिचं काहीच वाईट केलेलं नाही.

परत निघताना तिथल्या डॉक्टरांनी धीर दिला. बहुतेकांना गुण येतो म्हणाले. पण क्वचित हे विष महिनोनमहिने दबा धरून बसतं, तेव्हा लक्ष ठेवा. लक्ष ठेवा. जसं काही मी दुसरं काही करत होते.

घरी आल्यावर ह्यांनी एक रीत पाडली. पागेत जाण्याआधी उंबऱ्याच्या आत उभं राहायचं, मी भरलेला तांब्या द्यायचा, ह्यांनी मान वर करून घटाघटा प्यायचा. मी गळा बघायची, हे तांब्या परत द्यायचे. थंडी गेली, शिमगा झाला. ह्यांची फुशारकी परत आली, पागेतल्या गोष्टी परत सुरू झाल्या. माझं मात्र रात्री दचकून उठणं सुरूच होतं.

उन्हाळ्यात एका सकाळी कुठली तरी घोडी अडल्याचा निरोप आला आणि हे घाईघाईनं गेले. भरलेला तांब्या माझ्या हातातच राहिला. विसरले, म्हटलं मी. मग वाटलं, विसरले की टाळलं? आणि एकदा ते मनात आल्यावर मला चूल दिसेना, घर दिसेना. डोक्यावर पदर घेतला आणि तशीच निघाले. मराठ्याची सून, हातात पाण्याचा तांब्या, भर रस्त्यानं जवळजवळ पळत. लोक थांबून बघत होते. पागेच्या दारावरच्या शिपायानं अडवलं, तर मी त्याच्याकडं असं बघितलं की तो बाजूला झाला.

हे घोडीजवळ होते. दहापाच मोतद्दार भोवती. सगळे माझ्याकडं बघायला लागले, एकजण हसलाही. हे उठले. माझ्या हातातला तांब्या बघितला, माझं तोंड बघितलं. अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं. त्यांनी राडीनं भरलेले हात विजारीला पुसले, तांब्या घेतला आणि सगळ्यांच्या देखत, उजेडाकडं तोंड करून, मान वर केली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तोंड उघडून मला आत दाखवलं, घोड्याचं दाखवतात तसं, आणि मग नीट मिटलं.

"गेलं खाली," म्हणाले. "जा घरी आता."