वॉर्ड की ऑपरेशन थिएटर

माझ्या मुलीची नर्सच्या नोकरीसाठीची मुलाखत मोबाइलवर, इंग्रजीत होणार होती. हॉस्पिटल सुरतेचं. ‘तिथे तुमची पसंती विचारतात, नीट शब्दांत सांगा,’ असं कॉलेजात बजावलं होतं. मी आठवीला इंग्रजी शिकवते, म्हणून तयारी माझ्याकडे आली. ‘आय वॉन्ट’ नको, हट्ट वाटतो. ‘प्रिफर’च्या पुढे ‘टू’, ‘वुड रादर’च्या पुढे ‘दॅन’. तिने दोन दिवसांत घोटून टाकलं.

घोर लागला तो वेगळाच. भाकरी थापताना मी विचारायचे, चहा की कॉफी, गाव की शहर. ती आधी माझ्याकडे बघायची. वाक्य बिनचूक, उत्तर मात्र माझ्या चेहऱ्यावरून उचललेलं. मी मुद्दाम कॉफीला मान डोलावली, तर कॉफी. आमच्याकडे पाहुण्यांना विचारतात, वडिलांना विचारतात. मुलींनी अंदाज घ्यायचा. तिला ते मीच शिकवलं होतं.

“मन्हाकडे देखू नको. तुले काय आवडस?”

“तुले जे वाटस ते.”

“मंग नोकरी बी मीच करू का?”

“कर. तुन्ह्या वह्या मी तपासी लेसू.”

मुलाखतीला मोबाइल खिडकीत टेकवला, तिथेच रेंज येते. मी कॅमेऱ्यात न येता समोर बसले. पलीकडच्या बाईंनी त्यांचा कॅमेरा बंद ठेवला होता. नाव, मार्क, सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी विचारलं, काम वॉर्डात आवडेल की ऑपरेशन थिएटरमध्ये?

स्क्रीनवर बघायला चेहराच नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी रक्त बघून तिला घेरी आली होती, मला वॉर्डच हवा होता. ते चेहऱ्यावर दिसलंच असणार. पलीकडून ‘हॅलो?’ आलं. मी उठले, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

ओट्यावर उभी राहिले. आतून आवाज येईना. वाटलं, नोकरी गेली, आणि ती मी घालवली.

मग ऐकू आलं, “आय वुड रादर वर्क इन द ऑपरेशन थिएटर.” आणि लगेच, “बिकॉज...” पुढचं समोरून गेलेल्या ट्रॅक्टरने खाल्लं.

निकाल आठवड्याने कळणार होता. संध्याकाळी मी तिला विचारलं, भाजी कोणती करू. ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “शेवभाजी.”

माझी वांगी चिरून झाली होती. ती काळी पडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी ओतलं आणि शेव आणायला गेले.