पयले सामान, मंग मानूस

तापीच्या उतारावर नावाडी नाना कुणालाच लगेच नावेत पाऊल ठेवू देत नसत. आधी ते स्वतः वाकून पोत्यातली एकेक वस्तू चाचपत: तेलात भिजवलेला कापूस, राळेचा गोळा, पत्र्याचे तुकडे, खिळे, हातोडी, पाणी उपसायचं डबडं, जाड दोर आणि बुडत्याला तरंगवणारे दोन वाळलेले भोपळे. मामलेदार खोळंबला तरी उत्तर एकच. "पयले सामान, मंग मानूस."

मी असोद्याचा. तेव्हा यावलकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. हिवाळ्यात तळाचे गोटे दिसावेत इतकं पाणी निवळे, तरी नानांची चाचपणी चुकत नसे. एकदा मी थट्टा केली, तर ते हसले नाहीत. "नदी माय शे, मास्तर. पन तिले बी भूक लागस." त्यांचा थोरला भाऊ याच उतारावर बुडाला होता, हे मला पुढे त्यांच्या बायकोकडून, आक्कांकडून कळलं. त्या नावेत साधा दोरही नव्हता.

पाण्यावर पुराचा पिवळा फेस दिसला की नाना बोलणंच बंद करत. मग काठावरची माणसंही हळू आवाजात बोलू लागत.

भाद्रपदात माझी बायको अडली. दोन दिवस झाले, तेव्हा सुईण म्हणाली, "जळगावले न्या, माझ्या हातात काही नाही." गाडीतून तिला उतारावर आणलं. नाना फेसाकडे बघत उभे होते.

"आज नही, मास्तर."

मी त्यांचे पाय धरले. "नाना, ती मरेल हो."

त्यांनी तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकले आणि सामान चाचपू लागले. माझा जीव जळत होता. सगळं हाताला लागल्यावरच त्यांनी तिला आत घेतलं आणि दोन्ही भोपळे तिच्या कुशींना बांधले.

मधल्या धारेत उन्मळलेलं झाड येऊन आदळलं. फळी उकलली, पाणी आत उसळलं. "उपसा!" नाना ओरडले. मी डबड्याने उपसत राहिलो. त्यांनी फटीत कापूस कोंबला, वर राळ दाबली, पत्रा ठोकला आणि त्यावर टाच रोवून नाव काठाला लावली.

काठावर एक गाडी मिळाली. मी भोपळे सोडू लागलो, तर त्यांनी हात धरला. "र्‍हाऊ द्या. फुडे नाल्याले पानी व्हई."

"मग तुम्हीही थांबा, नाना. पाणी उतरू द्या."

"वर पाऊस शे. झोपडीपावत पानी चढी. म्हातारी एकटी शे." एवढं बोलून त्यांनी नाव लोटली. गाडीतून मी एकदाच मागे पाहिलं. फेसातून नाव जाताना दिसली, मग वाहते ओंडके दिसले, मग नुसतं पाणी.

चार दिवसांनी नाव खाली बाभळींत पालथी सापडली. नाना सापडले नाहीत. पाणी झोपडीच्या चार हात खालूनच परतलं होतं.

महिन्याभराने मी आक्कांकडे गेलो. काय बोलायचं ते वाटभर जुळवत दारात जाऊन उभा राहिलो. आक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"बाई वाचनी का?"

"वाचली, आक्का. मुलगी झाली."

"मंग बरं व्हयनं," त्या म्हणाल्या. सरकून त्यांनी मला बसायला पोतं टाकलं, आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.