श्वास मोजणाऱ्या मॅडम

"कुणी बोलू नका. मोजतेय."

मॅडमनी असं म्हटलं की आमच्या आरोग्य केंद्रातली सगळी कुजबुज थांबायची. आईच्या मांडीवर बाळ, त्याचं झबलं वर केलेलं, समोर खुर्ची ओढून बसलेल्या मॅडम. नजर बाळाच्या पोटावर, मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे. स्टेथोस्कोप अजून गळ्यातच. पूर्ण मिनिटभर त्या अशा बघत राहायच्या. नव्याने आलेल्या आईला वाटायचं, डॉक्टरीणबाईंना काही सुचत नाहीये. तिने तोंड उघडलं की मॅडमचा तळहात वर जायचा.

एकदा ऐन मोजणीत बाहेर भंगारवाल्याची गाडी आली. भोंग्यावर तेच ते, भंगार, लोखंड, प्लास्टिक. बाळ दचकून रडलं आणि आकडा गेला. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजण्यात अर्थ नसतो. मॅडम उठल्या, बाहेर जाऊन त्या माणसाशी दोन शब्द बोलल्या, परत येऊन बाळ शांत होईपर्यंत बसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे तो माणूस केंद्राजवळ आला की आपणहून भोंगा बंद करायचा आणि गाडी ढकलत नेल्यासारखा हळू जायचा. शिपाई म्हणायचा, "याला बी मॅडमचा धाक बसला."

मी तिथे नर्स. आमचं गाव सोनईपासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यात. मॅडमचं घर नगरला, सावेडीत, पण आठवडाभर त्या केंद्राच्या क्वार्टरमध्येच राहायच्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, चालणं झपझप. थंडी पडली आणि उसाची तोड सुरू झाली की आमच्याकडे खोकल्यांची रांग लागते. धूळ, पाचटाचा धूर, चुलीचा धूर. सगळे आल्या आल्या एकच मागतात, सुई.

"सुई आहे," मॅडम म्हणायच्या, "पण तुमचा खोकला तिला ओळखत नाही. हा पाहुणा आहे. आलाय तो चार दिवस राहून, जेवूनच जाईल. हाकलून जायचा नाही."

लोक हसायचे, पण नाराज होऊन जायचे. काही जण तसेच चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात जायचे आणि दंड चोळत परतायचे. मॅडमना ते दिसायचं. त्या पुढच्या पेशंटला हाक मारायच्या.

कुणालाही घरी पाठवताना मात्र त्या एक गोष्ट सोडायच्या नाहीत. परत कधी यायचं ते समजावायच्या आणि म्हणायच्या, "आता तुम्ही मला सांगा." मग पेशंटने म्हणून दाखवायचं. धाप लागली, ताप जाऊन परत आला, जेवण सुटलं, माणूस गुंगीत राहायला लागलं, तर लगेच यायचं. बाप्ये लाजायचे. बायका मुकाट्याने म्हणायच्या.

याच गोष्टीवरून भाऊसाहेबांशी वाजलं.

भाऊसाहेब गावातले मोठे बागायतदार, दूध संस्थेवर वजन असलेले. आपल्या आईला, हौसाआजींना, गाडीतून घेऊन आले. चार दिवसांचा खोकला, अंगात कणकण. मॅडमनी श्वास मोजले, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, छाती पुढून-मागून नीट ऐकली. थोडी घरघर होती, ती खोकल्यावर गेली. "साधा खोकला आहे," त्या म्हणाल्या. "तापाची गोळी, कोमट पाणी, चुलीपासून लांब. बाकी काही नको."

"एवढ्या लांबून आनलं, अन् सुई न्हाई?" भाऊसाहेब म्हणाले.

"गरज नाही. पण परत कधी यायचं ते सांगते, ते तुम्ही मला म्हणून दाखवा."

"मी काय शाळंत हाय का?" असं म्हणून ते उठलेच. म्हातारी मात्र बसून राहिली. तिने मॅडमकडे बघत सगळं हळूहळू म्हणून दाखवलं आणि मगच पायात चपला घातल्या. दोनच दिवसांत भाऊसाहेबांनी तालुक्याला अर्ज केला, की या डॉक्टर गोरगरिबांना औषध देत नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाने गोरगरिबांची बाजू घेतली याचं आम्हाला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही वस्त्यांवर लसीकरणाला गेलो होतो. दुपारी परतताना मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊसाहेबांच्या वस्तीवरून घ्या."

मी म्हणाले, "मॅडम, त्यांनी अर्ज केलाय."

"अर्ज त्यांनी केलाय, आजींनी नाही. त्यांना परत यायचं असलं तरी आणणार कोण?"

भाऊसाहेब अंगणातच होते. आम्हाला बघून त्यांनी बसा म्हटलं नाही. "आई बरी हाय," ते म्हणाले. "खोकला बी कमी झालाय. झोपलीय उन्हात."

आजी बाजेवर गोधडी पांघरून पडल्या होत्या. मलाही त्या झोपल्यासारख्याच वाटल्या. मॅडम जवळ गेल्या, गोधडी छातीवरून खाली सारली आणि उभ्याउभ्याच मोजायला लागल्या. भाऊसाहेब काहीतरी बोलत होते. तळहात वर गेला, तसे तेही गप्प झाले. मोजून झाल्यावर मॅडमनी वाकून हाक मारली, "हौसाआजी, मला ओळखलं का?"

आजींनी डोळे किलकिले केले. "शांते," त्या म्हणाल्या, "गुरांना पानी पाजलं का गं?"

शांता म्हणजे त्यांची बहीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मॅडमनी बोटाला यंत्र लावलं, आकडा मला दाखवला, पाठीला स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे खाली त्या बराच वेळ थांबल्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, "ही झोप नाही. न्यूमोनिया आहे. गाडी काढा, नगरला न्यायचंय."

"आज तोड हाय हो मॅडम. टोळी आलीय रानात. सकाळच्याला नेतो."

"आत्ता."

"खोकला तर कमी..."

"खोकायला ताकद लागते, भाऊसाहेब. ती संपत आलीय. तुम्ही गाडी काढणार, की मी आमच्या गाडीत घालू?"

आवाज चढवला नव्हता. भाऊसाहेबांनी एकदा आईकडे बघितलं आणि किल्ली आणायला आत गेले.

वाटेत केंद्रावर थांबून मॅडमनी ऑक्सिजन लावला आणि पहिलं अँटिबायोटिक शिरेतून स्वतः दिलं. नगरला फोन करून बेड सांगून ठेवला. सुई जाताना भाऊसाहेब दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "हीच सुई त्या दिशी दिली असती तर?"

मी मॅडमकडे बघितलं. तेव्हा गरज नव्हती, एवढं म्हणून त्यांना सुटता आलं असतं.

"कदाचित हे टळलं असतं," त्या म्हणाल्या, "कदाचित नसतं. त्या दिवशी छातीत काही नव्हतं. असतं तर दिलीच असती. आज आहे, म्हणून देतेय. याहून खरं मला सांगता येत नाही."

भाऊसाहेब गाडी सुरू करायला वळले. पुढे गाडीत मॅडम मागे आजींजवळ बसल्या, नगरपर्यंत. मी केंद्रावर थांबले. संध्याकाळी त्या एसटीने परत आल्या, चहा मागितला आणि अर्धा तसाच ठेवून दिला. त्या घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे काही दिवस त्या रोज नगरच्या दवाखान्यात फोन करायच्या. पहिले दोन दिवस बातमी चांगली नव्हती. तिसऱ्या दिवशी आजींनी पेज मागितली, आणि पेज अळणी आहे म्हणून सुनेला बोलल्या. ते ऐकून मॅडम पहिल्यांदा हसल्या.

आजी घरी आल्यावर भाऊसाहेब केंद्रात आले. टोपी हातात होती. "मॅडम, तो अर्ज मी मागं घेतो."

"नका घेऊ," मॅडम म्हणाल्या. "चौकशी होऊ द्या. मी बरोबर वागले की नाही, ते मलाही कळू दे."

भाऊसाहेबांना हे काही झेपलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले.

चौकशी झाली. तालुक्याच्या साहेबांनी विचारलं, पुन्हा तसाच पेशंट आला तर काय कराल? मॅडम म्हणाल्या, "तेच करीन. सुई देणार नाही. आणि चार दिवसांनी घरी जाऊन बघीन." साहेबांनी मान डोलावली आणि प्रकरण मिटलं. ती सबंध थंडी मॅडम, तपासून घरी पाठवलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे चक्कर मारत राहिल्या. ड्रायव्हर कुरकुरायचा. त्या ऐकायच्या नाहीत.

मग नेहमीसारखी त्यांची बदली झाली. शेवटच्या दिवशी आम्ही नारळ, शाल आणून ठेवली होती. गावातली माणसं येऊन बसली. मॅडमपुढची रांग काही संपेना आणि त्या मधून उठेनात. भजी गार झाली, सरपंच कंटाळून निघून गेले. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी उभ्यानेच शाल घेतली, दोन भजी खाल्ली आणि म्हणाल्या, "सिस्टर, ती वीटभट्टीवरची बाई दोन आठवडे खोकतेय. तिची थुंकीची तपासणी राहिलीय. तेवढं बघा."

भाषण म्हणून त्या एवढंच बोलल्या. मी ती तपासणी करून घेतली.

नंतरच्या थंडीत एका सकाळी हौसाआजी केंद्रात आल्या. वस्तीपासून एकट्या, चालत. रांगेत बसल्या, नंबर आला तशी आत गेल्या. खुर्चीवर नवे डॉक्टर होते, तरुण, स्वभावाने चांगले. "काय होतंय आजी?" त्यांनी विचारलं.

आजींनी खोलीत सगळीकडे नजर फिरवली. मग मला विचारलं, "त्या बाई कुठं गेल्या?"

"बदली झाली, आजी. पारनेरकडं."

"व्हय का," आजी म्हणाल्या. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पुढे केला, तशा पदर सावरून उठल्या.

"मला काय बी होत न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "चांगली हाय मी. तेच त्यांना दाखवाया आलते."