मामांची घोंगडी आणि दोन कॅसिनो

आज मामांची घोंगडी उन्हात टाकताना तिचा मेंढरांचा वास आला, आणि पणजीतली ती संध्याकाळ आठवून डोकं पुन्हा तापलं. सेलूहून आम्ही चौघे मित्र गोव्याला निघालो होतो. राणीसावरगावचे माझे मामा, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले, समुद्र बघायचा म्हणून सोबत आले. मांडवी नदीतल्या पहिल्या कॅसिनो-बोटीच्या दारातूनच झुंबरं दिसली, पाऊल बुडेल असा गालिचा दिसला. आत दवाखान्यासारखी शांतता. दरवानानं मामांचं धोतर आणि खांद्यावरची घोंगडी बघितली आणि सरळ नाही म्हणाला. दुसऱ्या बोटीवर ढणढण गाणी, रंगीत दिवे, आणि मामांचं हसून स्वागत. आमच्यात पाहुणा आला की आधी घोंगडी अंथरतात, मग नाव विचारतात. इथल्या मॅनेजरनं नाव विचारलंच नाही. मामांना जुगाराच्या चक्राशी बसवलं, घोंगडी डोक्यावरून पांघरली, हातात पत्ते दिले, आणि जत्रेतल्या अस्वलासोबत काढावेत तसे फोटो काढायला लोकांची रांग लावली. थोड्या वेळानं मामा उठले. "पयल्यानं निदान तोंडावर न्हाई म्हणलं," एवढंच बोलून ते बाहेर धक्क्यावर जाऊन बसले. त्या मॅनेजरला मी अजून शिव्या घालतो. मामांचा तो फोटो मात्र माझ्याच मोबाइलमध्ये आहे. रांगेत पहिला मीच उभा होतो.