प्रवरा हे नाव कसं ठेवलं

बाळांनो, परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, आईचं नाव नेटवर दुर्मीळ म्हणून दाखवतात. ते ठेवलं कुणी?" ठेवणारी, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, गेल्या महिन्यात वारली. त्या दिवसाची आठवण असलेली आता मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते.

प्रवरा म्हणजे श्रेष्ठ. शब्द संस्कृत, पण मला तो कोशात भेटला नाही. भंडारदऱ्याकडून येणारी ही नदी अकोल्यात माझ्या माहेरच्या परसामागून वाहायची. लहानपणी डोळे मिटले की ती अंथरुणाखालून जाते आहे असं वाटे. तुमची आई तिथेच जन्मली, बहात्तरच्या दुष्काळात. पुढे तिला घेऊन मला सासरी तिसगावला जायचं होतं. तिथे टँकरची वाट बघायची. नदी काही नेता येणार नव्हती. निदान नाव न्यावं, असं मला फार वाटे. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या या वन्संचा, आणि सासूबाईंनी फुलाचं एक नाव आधीच ठरवलेलं. त्या वेळी ते गल्लोगल्ली होतं.

बारशाला सासूबाई आणि वन्सं दोघी एसटीने आल्या. मी बाळंतीण, मागच्या दारातच बसले होते. वन्सं नदीत उतरल्या. पाणी त्या वर्षी बारीकच, घोट्याइतकं. पदर खोचून त्या कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. उन्हात पाणी इतकं चमकत होतं की त्या त्यात हळूहळू विरघळतायत असं मला वाटलं. वर आल्या तेव्हा मी धीर करून मनातलं बोलले.

"नदीचं नाव? लई जड हाय, वैनी," त्या म्हणाल्या. "अन् आई मला घरात घील का मग?"

हसल्या, पण हो काही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी रीतीप्रमाणे पाळण्यात आधी वरवंटा निजवला, मग बाळाला. वन्सं वाकल्या आणि बराच वेळ तिच्या कानाशी होत्या. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. "सांगा की आता! काय ठेवलं?"

"प्रवरा."

सासूबाईंचा हात पाळण्याच्या दोरीवर थांबला. "अगं, ठरलं हुतं काय अन् हे काय? पुन्यांदा सांग तिच्या कानात."

"कानात सांगितल्यालं माघारी घेत्यात व्हय, आई?" वन्सं म्हणाल्या. "अन् नातीला हाक मारायच्या निमित्तानं तरी तिसगावात नदी येऊ दे की!"

बायका खळखळून हसल्या. सासूबाई जरा वेळाने हसल्या आणि घुगऱ्या वाटायला उठल्या.

पुढे तिसगावच्या अंगणात, रिकाम्या हंड्यांमधून रांगणाऱ्या तुमच्या आईला सासूबाईच "ए प्रवरे" म्हणून हाक मारत. मी चुलीपाशी डोळे मिटायची आणि माहेरच्या परसात जायची.

तिच्या शाळेत दुसरी प्रवरा नव्हती. लग्नात तुमच्या बाबांनी तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं, तर हेच लिहिलं.

माहेरचं घर विकलं. नदी आता धरणातून पाणी सोडतात तेव्हा भरते. बारशाचा तो वरवंटा माझ्या ओट्यावर आहे, आणि नाव तुमच्या आईजवळ.